शाफ्टवाल्यांनी चौकशी करू नये

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. पत्राचं तसं नसतं, ते बाजूला ठेवून द्यायचं तरी आधी फोडावं लागतं. म्हणून पत्र. आमच्या घरून इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं तुला वाटायला नको, म्हणून आधीच सांगते की सगळे आहेत. बाबांची पाठ धरते, पण ते आहेत.

मी एक शंका विचारायला लिहिते आहे. समजा, एखाद्या मुलीने शाफ्टची मोटारसायकल (चेन नाही, बंद नळीतल्या दांड्यावर मागचं चाक फिरतं ती) मागून उघडायला घेतली. चाक काढलं. चाकाजवळचा गिअरचा डबा सोडवू लागली, आणि त्याच्या नटांपैकी दोन जागचे हललेच नाहीत. तर तिने काय करावं? ही मुलगी कोणीही असू शकते.

तुला वाटेल, हिला शाफ्टशी काय करायचं आहे, हिच्या बापाच्या दुकानावर तर पाटी आहे. पाटी आहेच. मागच्या वर्षी बाबांनी ती नव्याने रंगवून घेतली. 'लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची सर्व कामे. शाफ्टवाल्यांनी चौकशी करू नये.' रंगाऱ्याने ब्रश थांबवून विचारलं, "शाफ्ट म्हणजे कोण?" बाबा म्हणाले, "आहेत एक बाई."

कारण असं आहे. लांबच्या सफरी नेणारी एक कंपनी आहे. लोक महिना महिना मोटारसायकलवरून फिरतात आणि सगळ्यांच्या मागून कंपनीचा मेकॅनिक चालतो, कोणाचं काही बिघडलं की थांबायला. ती जागा निघाली आहे. त्यांच्या झाडून सगळ्या गाड्या शाफ्टच्या आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा आहे. गाडीचा मागचा भाग पूर्ण उघडायचा, पुन्हा जोडायचा आणि ती चालवून दाखवायची. मी अर्ज केला आहे. शाफ्टचा अनुभव किती, या प्रश्नापुढे मी 'घरात वाद ऐकले आहेत' असं लिहिलं होतं. मग खोडून 'शिकते आहे' असं लिहिलं. ते खोटं ठरू नये एवढ्यासाठी हे पत्र.

मला ही जागा हवी आहे, आत्या. दुकानात येणाऱ्या गाड्यांच्या मडगार्डखालचा चिखल मी खरवडते. हा तांबडा कोणत्या बाजूचा, हा राखाडी नदीकाठचा, हा समुद्राजवळचा, हे माझ्या बोटांना कळतं. मी स्वतः मात्र गाडी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जाते आणि रिक्षाने परत येते. दुसऱ्यांच्या रस्त्यांचा चिखल धुण्यात माझं वय चाललं आहे.

बाबांना यातलं काही माहीत नाही.

तुझी
मुंगी

(तू मला मुंगी म्हणायचीस. विसरली असशील तर, मी तुझी भाची. तुझ्या भावाची मुलगी. अर्थात भाऊ तुला एकच आहे.)


१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तर आलं. नमस्कार नाही, खुशाली नाही, पहिलंच वाक्य 'नट तापव'. वाचून फार बरं वाटलं. आपल्या घरच्या माणसाचंच पत्र.

आधी मागच्या पत्राची दुरुस्ती करते, नाहीतर मला पुढचं सुचणार नाही. 'एखादी मुलगी' म्हणजे मी होते. आणि 'समजा' असं काही नव्हतं. पत्र लिहीत होते तेव्हा चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं.

गाडी कोणती, असं तू विचारलं आहेस. या दुकानात शाफ्टची गाडी एकच. दातांच्या डॉक्टरांची. ती अजून मागच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे. तुम्ही दोघांनी दुरुस्त करून दिल्यावर ती डोंगरात बंद पडली, आणि भाजीच्या ट्रकमध्ये बसून परत आल्यावर डॉक्टरांनी सायकल घेतली ती घेतलीच, गाडी न्यायला आले नाहीत. आता ते खूप बारीक झाले आहेत आणि त्याचं श्रेय स्वतःच्या निर्धाराला देतात. ताडपत्रीवर बाबा चहाचा कप ठेवतात, आई सीटच्या रेक्झिनचे तुकडे ठेवते, मी झिजलेल्या चेना ठेवते. बाबा त्या गाडीला 'ते टेबल' म्हणतात.

तू सांगितलंस तसे नट तापवले. एक सुटला. दुसऱ्याला पान्याला पाइप लावून मी लोंबकळले, तरी हलेना. चहाच्या वेळी बाबा किल्ल्यांची कडी बोटात फिरवत आले, माझे तळहात बघितले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नट हाताने फिरला. भोवती गंजाचं तेल ओलं होतं. ते तेल फक्त बाबांच्या कपाटात असतं.

मी चहा देताना सहज विचारल्यासारखं केलं. "बाबा, गंजलेला नट आपोआप सुटतो का?"

"सुटतो कधीकधी," बाबा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले. "टेबलांचे सुटतात."

तेव्हा दुसरी दुरुस्ती: बाबांना यातलं काही माहीत नाही, हे चूक.

त्यानंतर ते या विषयावर माझ्याशी बोललेले नाहीत. हवेशी बोलतात. मी मागच्या खोलीत काम करत असले की ते पुढे एखादी चेन पुसत मोठ्याने सुरू करतात. "चेन कशी उघडी असते. सैल पडली की लोंबते, कोरडी पडली की कुरकुरते, जे काय आहे ते तोंडावर. रस्त्यात तुटली तर कडी घालून माणूस घरी येतो. शाफ्ट म्हणजे बंद पेटी. आत काय चाललंय ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा माणूस डोंगरात उभा."

यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. "चेन म्हणजे रोज रडणारं मूल. पुसा, तेल पाजा, ताणून बघा, परत पुसा, आणि वर पँटवर तेलाची रांगोळी. माणूस फिरायला निघालाय की पाळणाघर चालवायला?" तू घर सोडलंस त्या भांडणात तू हे म्हणालीस, तेव्हा मी दाराआड होते. वयाने लहान होते, पण ऐकायला येत होतं. रस्त्यापर्यंत येत होतं.

आई म्हणते तिला या वादाचा कंटाळा आला आहे. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणते, "चेन असो नाहीतर शाफ्ट, माणूस बसतो सीटवर."

तुझी
मुंगी


१ मार्च

प्रिय आत्या,

डबा उघडला. आत बेअरिंगचा चुरा झालेला आहे. तेल बघितलं तर त्यात चांदीचा वर्ख घातल्यासारखं चमकत होतं. गिअरच्या दातांवर एक ओरखडा आहे, पण नखाला लागत नाही, तेव्हा ते वाचले असावेत. तुला तसंच वाटतं का, ते लिही. मला वाटतं त्यावर मी अवलंबून राहत नाही.

तू पाठवलेला मोठा कागद भिंतीला लावला आहे. प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तू भोवती पेन्सिल फिरवली आहेस, त्यामुळे नुसतं बघूनच काम होतं. फक्त एक अडचण झाली. तू लिहिलंस, 'फडक्यावर उजवीकडून मांडत ये.' मी डावीकडून मांडते. आजोबांनी बाबांना तसं शिकवलं, बाबांनी मला. जे आधी निघालं ते डाव्या टोकाला, मग त्याच्या शेजारी पुढचं, आणि जोडताना शेवटून उलटं यायचं. तू डावरी म्हणून आजोबांनी तुला उजवीकडून मांडायची मोकळीक दिली होती, पण तुझं फडकं वेगळं ठेवलं होतं, हे मला आईने आता सांगितलं. मी तुझा कागद आरशात बघितल्यासारखा उलटा वाचते आहे. जमतं आहे.

सगळं जमलं, पण बेअरिंगच्या शेजारी तू जी पातळ कडी काढली आहेस, एका बाजूची कड घासलेली, ती माझ्या फडक्यावर नाही. डब्यात नाही, तेलात नाही. जमिनीवरून चुंबक फिरवला. आईच्या बटणांच्या डब्यातही बघितलं, त्यावर ती म्हणाली की तिच्या डब्याला मोटारसायकलीने हात लावायचा नाही. मी ती हरवली असं मला मनापासून वाटतं आहे. पण आठवून बघितलं तर मी ती काढल्याचंच मला आठवत नाही. तू म्हणशील की तिच्याशिवाय गिअर एकमेकांना घासतात आणि बेअरिंग चिरडतं. मग बेअरिंग चिरडलं आहे ते बरोबरच आहे. म्हणजे कडी माझ्या आधीपासूनच नव्हती.

मी कोणाला दोष देत नाही.

परीक्षेला महिना उरला आहे. तेवढी एक कडी आणि एक बेअरिंग तुझ्याकडच्या एखाद्या मोडक्या गाडीतून मिळेल का?

तुझी
मुंगी

बाबांनी आज विचारलं, "टेबल कसं आहे?" मी म्हटलं, "एक पाय कमी आहे." ते किल्ल्या खिशात टाकून बाहेर गेले.


१३ मार्च

प्रिय आत्या,

पार्सल आलं. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं बेअरिंग, तेलाचं सील, आणि क्रीमच्या डबीत काळं ग्रीस. आत ग्रीस आहे हे तू डबीवर लिहायला हवं होतंस. आईने बोट बुडवेपर्यंत मला काही सांगता आलं नाही. नंतर दोन दिवस गिऱ्हाइकं तिला 'गालाला लागलं काहीतरी' असं सांगत होती.

कडी मात्र नव्हती. मी अभ्रा उलटा करून झटकला. मग तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. 'कडी पाठवत नाही. ती तिथेच आहे.'

आत्या, असं लिहिताना माझ्यासारख्या माणसाचा विचार करत जा. 'तिथेच' म्हणजे कुठे? मी दुकान पालथं घातलं. झिजलेल्या चेनांचा ढीग कडीकडीने हातातून काढला. शेवटी तुझा कागद भिंतीवरून काढून बाकावर पसरला आणि प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या पेन्सिलीच्या आकारात ठेवली. एकच आकार रिकामा राहिला.

तेवढ्यात बाबा आले. रोज करतात तसं त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बाकावर टाकला. किल्ल्या दोरीने एका कडीला बांधलेल्या आहेत. लहानपणापासून मी ती कडी बघते आहे. शेजारच्या बाळाला दात येत होते तेव्हा ती त्याला चावायला दिली होती. ती त्या रिकाम्या आकारापासून वीतभर लांब पडली होती आणि तिची एका बाजूची कड घासलेली होती.

"बाबा, ही कडी कुठली?"

"किल्ल्यांची."

"त्याआधी?"

बाबांनी कडी उचलली, बोटात एकदा फिरवली आणि थांबवली. "त्याआधी फडक्यातली."

मग ते माझ्या स्टुलावर बसले. मी उभी राहिले. त्यांनी सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते, म्हणजे माझ्याकडून काही भर पडायला नको.

डॉक्टरांच्या गाडीचं काम तुम्ही दोघांनी एकाच फडक्यावर केलं. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, घाई होती. बाबा बाहेरच्या बाजूने उघडत आले आणि डावीकडून मांडत गेले. तू आतल्या बाजूने उघडत आलीस आणि उजवीकडून मांडत गेलीस. दोघांच्या ओळी फडक्याच्या मधे भेटल्या. जोडताना ज्याने त्याने आपापली ओळ उचलली. मधली कडी बाबांना तुझ्या ओळीतली वाटली आणि तुला बाबांच्या.

"तुम्हाला कळलं कधी?" असं मी विचारलं.

"ताई बॅग घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फडकं झटकलं. घडीत होती." बाबा कडीकडे बघत बोलत होते. "मग बसलो हिशेब करत, तिची की माझी. माझ्या बाजूने बघितलं तर तिची. तिच्या जागी जाऊन बसलो, तर माझी. ठरेना."

"मग तिला फोन करायचा."

"करून काय सांगू? कडी सापडली आहे, चूक कोणाची ते ठरव? तिने लगेच ठरवलं असतं."

हे खरं आहे, आत्या. तू लगेच ठरवलं असतंस.

"आणि शाफ्टला इतकी वर्षं शिव्या का दिल्या?"

"कोणाला तरी द्यायला हव्या होत्या," बाबा म्हणाले. "शाफ्ट काही मनाला लावून घेत नाही."

शिलाई मशीन थांबलं. आई दारात आली, हातात कात्री तशीच. "त्या दिवशी दुसरं फडकं मी धुवायला टाकलं होतं," ती म्हणाली. "वाळत होतं. इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही."

"तुला माहीत होतं?" बाबा म्हणाले.

"मला धुणं माहीत होतं. कडी तुमची तुम्हाला."

आता मला एक विचारायचं आहे, आणि तू चिडलीस तरी चालेल. तू कडी पाठवली नाहीस. 'तिथेच आहे' असं लिहिलंस. म्हणजे तुलाही माहीत होतं की एक कडी राहिली. कधीपासून? गेल्यावर? की वाटेतच?

बाबांनी दोरी सोडून कडी काढली, फडक्यावर पुसली आणि कागदावरच्या त्या आकारात ठेवली. मग माझं स्टूल मला देऊन पुढे गेले. किल्ल्या आता त्यांच्या खिशात सुट्या असतात. नेमकी किल्ली हाताला लागेना म्हणून आतापर्यंत दोन वेळा कपाटाला धक्के मारून झाले आहेत.

तुझी
मुंगी


२४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. 'पहिल्या वळणावरच आठवली. मागे वळायला गाडी जड होती.'

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, मी सांगत होतो. शाफ्टच्या गाड्या जडच." आणि तोंड धुवायला गेले. तोंड त्यांनी सकाळीच धुतलं होतं.

गाडी जोडली. सुरू झाली. मी आनंदाने लिहायला हवं, पण डॉक्टरांना न विचारता त्यांची गाडी उघडली याची मला इतकी टोचणी लागली की मी दवाखान्यात गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि मी तशाच उघड्या तोंडाने सगळं कबूल केलं. कडी, फडकं, सगळं. ते हातातला आरसा तसाच धरून म्हणाले, "म्हणजे गाडी चांगली होती?"

मी मान हलवली.

त्यांनी खिडकीतून खाली लावलेल्या सायकलीकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "आता गुडघे सायकलीचे झाले. गाडी तुमच्याकडेच ठेवा. एक दाढ मात्र किडली आहे."

बाबांनी चाचणीसाठी गाडी नेली. शाफ्टच्या गाडीवर ते इतक्या वर्षांत बसले नव्हते, म्हणून मी आमच्या चेनच्या गाडीवरून मागे गेले. ऍक्सिलरेटर दिला की ती पाठ जरा वर उचलते, त्यावर ते प्रत्येक वेळी मागे वळून माझ्याकडे बघत होते, मी ढकलते आहे की काय अशा नजरेने. गावाबाहेर बरंच अंतर गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. स्टँडवर लावली. खिशातून तेलाची छोटी बाटली काढली, डाव्या बाजूला गुडघ्यावर बसले आणि चेन शोधू लागले.

मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि समोर चहाची टपरी होती तिकडे गेले. टपरीवाला म्हणाला, "साहेब, बऱ्याच दिवसांनी." ते म्हणाले, "चेनवाल्याला दर टप्प्याला थांबावं लागतं, म्हणून चहावाले ओळखीचे होतात. शाफ्टवाल्यांना कोण ओळखणार?" पण परत येताना गाडी मला दिली नाही.

परीक्षा दहा दिवसांवर आहे. मी खात नाही असं आई म्हणते. मी खाते, पण लक्ष नसतं.

तुझी
मुंगी


५ एप्रिल

प्रिय आत्या,

परीक्षा झाली. निकाल शेवटी लिहिते, कारण त्याआधीचं न सांगता निकाल सांगणं बरोबर वाटत नाही. (तू शेवटचं पान आधी वाचणार हे मला माहीत आहे.)

एका मोठ्या शेडमध्ये आम्ही चौघं होतो. प्रत्येकापुढे एक गाडी आणि एक ट्रे. बाकीचे तिघं अनुभवी दिसत होते, शिट्टी वाजवत काम करत होते. मी घरून दोन फडकी नेली होती. एक पुरलं नाही तर असावं म्हणून. आजूबाजूचे हसले. हसण्यासारखंच होतं.

उघडताना काही अडलं नाही. तुझा कागद माझ्या डोळ्यांपुढे होता, दोन्ही बाजूंनी. जोडून झालं, चाक बसवलं, आणि बघते तर ट्रेमध्ये एक कडी उरलेली.

आत्या, सगळ्या जगात मला नको असलेली वस्तू एकच आहे, आणि ती माझ्यासमोर चकाकत होती. शेजारच्याच्या ट्रेमध्येही तशीच कडी होती, त्याने इकडे तिकडे बघून ती खिशात टाकली. त्याच्या पलीकडच्याने ती कुठेतरी ठोकून बसवली, आणि मग त्याचं चाकच फिरेना. तिसरा मघाशीच हात धुऊन उभा होता, त्याने ट्रेकडे बघितलंच नव्हतं.

परीक्षक माझ्याजवळ आले. "झालं?"

"नाही. एक कडी उरली आहे."

"मग?"

"ही या गाडीची नाही असं मला वाटतं. पण मला नेहमीच काही ना काही वाटत असतं, म्हणून पुन्हा उघडून बघते."

"वेळ संपत आला आहे."

"हो," मी म्हटलं, आणि चाक काढलं. प्रत्येक वस्तू तिच्या जागी होती. एकही जागा रिकामी नव्हती. मी पुन्हा जोडलं. वेळ संपून गेला होता. बाकीचे तिघं बाकावर बसून माझ्याकडे बघत होते.

"ही या गाडीची नाही," मी सांगितलं.

"खात्री आहे?"

"हिला बसायला जागा नाही, एवढी खात्री आहे. ही कोणाची आहे ते मला माहीत नाही."

परीक्षकांनी कडी उचलून शर्टाच्या खिशात टाकली. "माझ्या घरच्या पंख्याची आहे," ते म्हणाले. "चारही जणांना एकेक दिली होती. घरी पंखे बंद आहेत."

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. लांबच्या प्रवासाला चेन बरी की शाफ्ट? मी म्हटलं की हे विचारताना आमच्या घरी आवाज खाली ठेवतात. त्यांना उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "चेनवाल्याला थांबावंच लागतं. शाफ्टवाल्याला कोणीतरी थांबवावं लागतं. ज्याला जे कमी जमतं त्याने ते घ्यावं." नंतर मला वाटलं की वजनाबद्दल बोलायचं राहिलं, आणि चेनच्या गाडीची दातांची चक्रं बदलता येतात हेही. ते सांगायला मी दारातून परत आले. मग खर्चाबद्दल सांगायला आणखी एकदा. तेव्हा ते म्हणाले, "बाई, निवड झाली आहे, आता जा."

माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला तो मी उलटा वाचला. 'अति काळजी करते. घ्यावी.'

वीस तारखेला पहिली सफर. मी सगळ्यांच्या मागून.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शाफ्टच्या गाड्यांच्या मागून चालणार म्हणजे कपडे तरी स्वच्छ राहतील." आणि मग लगेच तोंड धुवायला गेले.

तुझी
मुंगी


१८ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र पोस्टाने येत नाही. आईच्या पर्समधून येतं आहे, आणि ती तुझ्या हातात देईल. तेव्हा तू हे वाचते आहेस याचा अर्थ ती तुझ्या दारात उभी आहे. तिला आधी बसायला दे. सीट तिने स्वतः नवीन शिवली आहे, तरी इतक्या लांब मागे बसून तिची कंबर अवघडली असेल आणि ती ते कबूल करणार नाही.

बाबा म्हणतील की ते डॉक्टरांच्या गाडीची चाचणी घ्यायला निघाले होते आणि रस्ता इकडे आला. त्यावर काही बोलू नकोस. ते असंही म्हणतील की तुझा उशीचा अभ्रा परत करायचा होता. अभ्रा धुऊन, इस्त्री करून दिला आहे. ग्रीसचा डाग मात्र राहिला, त्याबद्दल मी माफी मागते.

पाटीचं तुला सांगायला हवं. 'करू नये' या दोन शब्दांवर आईने काळ्या रेक्झिनचा तुकडा चिकटवला आहे. आता नुसतं 'शाफ्टवाल्यांनी चौकशी' एवढंच दिसतं. लोक आत येऊन विचारतात, चौकशी काय? बाबा म्हणतात, करा काय करायची ती.

परवा मी निघते. रस्ता तुझ्या बाजूने नाही, उलट दिशेला आहे. मी डब्यात टॉर्च, चुंबक, दोन फडकी आणि तुझा कागद घेतला आहे. परत येईन तेव्हा मडगार्डखालचा चिखल मी स्वतः धुणार नाही. काही दिवस तसाच ठेवणार आहे.

एक काम कर. तुझ्या दुकानात बाकावर दोन फडकी अंथर, एक तुझं, एक त्यांचं. ते काहीतरी उघडायला घेतीलच, त्यांना रिकामं बसता येत नाही. आणि काही उरलं तर चूक कोणाची ते ठरवू नका. माझ्यासाठी ठेवा. मी येऊन बघेन ते कुठे बसतं.

बाबा अजून आत आलेले नसतील. खिडकीतून बघ. ते गाडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसून काहीतरी बघत असतील. तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि ते त्यांना माहीत आहे.

त्यांना हाक मार.

तुझी
मुंगी